बिलाच्या तळाशी ‘मुंबई’ छापलंय, म्हणून मुंबईला जायचं?

पत्र असं आहे:

“रामबागेत आमचं घरगुती मसाल्यांचं काम आहे. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी. सियागंजातल्या दोन दुकानांना आणि ओळखीच्या घरांना माल जातो. मागच्या वर्षी एका कंपनीच्या इंदूर शाखेतून पाऊच भरून सील करायची मशीन घेतली, जीएसटी धरून ४,७२,००० रुपयांना. पहिल्या महिन्यापासून सील सुटतंय. मेतकूट फटीतून गळतं, दुकानदार माल परत पाठवतात. इंजिनियर तीनदा येऊन गेला, नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. मुख्य कचेरीला ई-मेल केला तर उत्तर आलं की, ‘मशीन आमच्या इंदूर शाखेने विकली व बसवली असली तरी बिलावरील अटीनुसार सर्व वादांचे अधिकारक्षेत्र फक्त मुंबई राहील.’ बिलाच्या तळाशी तसं छापलेलं आहे. ओळखीचे एक वकील म्हणाले, मुंबईच्या चकरा परवडायच्या नाहीत, सोडून द्या. पुण्याचे दीर म्हणतात, कंपनीची शाखा पुण्यातही आहे, इथे केस टाका, मी बघतो. आम्ही नवराबायको आणि मदतीला एक बाई, एवढाच आमचा कारभार. काय करावं?” — व. कु., इंदूर

ताई, मुंबईचं तिकीट काढू नका. पुण्याचंही नको. मशीन इंदुरात विकली, इंदुरात बसवली, इंदुरातच बिघडली. त्याचं भांडण इंदुरात चालू शकतं, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची बाजू बरीच भक्कम दिसते. तरी ते कसं, हे नीट समजून घ्या. कारण समोरचा वकील मशीनबद्दल बोलण्याआधी हाच मुद्दा काढणार.

माणसावर दावा लावायचा तर तो राहतो कुठे हे बघतात. कंपनीचं तसं नसतं. तिची मुख्य कचेरी एका गावात, कारखाना दुसऱ्या, शाखा पंचवीस ठिकाणी. मग ती ‘राहते’ कुठे? याचं उत्तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २० मध्ये आणि त्याखालच्या स्पष्टीकरणात आहे. प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लावता येतो; दाव्यास कारण, म्हणजे ज्यावरून भांडण उभं राहिलं ती घटना, जिथे पूर्णपणे किंवा थोडंफार घडलं तिथेही लावता येतो. कंपनीपुरतं स्पष्टीकरण असं की ती भारतातल्या आपल्या मुख्य कचेरीत धंदा करते असं धरायचं. पण जिथे दाव्यास कारण घडलं त्याच ठिकाणी तिची दुय्यम कचेरी, म्हणजे शाखा असेल, तर तिथे ती धंदा करते असं धरायचं.

हे वाचून बहुतेकांना वाटतं की मुख्य कचेरी तर आहेच, शाखा ही वरची सोय. पटेल रोडवेज विरुद्ध प्रसाद ट्रेडिंग कंपनी या खटल्यात वाहतूक कंपनीचं म्हणणं नेमकं हेच होतं. तमिळनाडूतल्या बोडिनायकनूरच्या व्यापाऱ्याने तिथल्याच शाखेत दिल्लीसाठी वेलची बुक केली होती. माल गोदामात असताना आग लागून नुकसान झालं. व्यापाऱ्याने आपल्या भागातल्या कोर्टात दावा लावला. कंपनी म्हणाली, आमची मुख्य कचेरी मुंबईत, पावतीवर ‘फक्त मुंबई’ छापलेलं, इथलं कोर्ट हा दावा ऐकूच शकत नाही. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने हे म्हणणं फेटाळलं. दाव्यास कारण जिथे घडलं तिथे कंपनीची शाखा असेल, तर कंपनी त्या ठिकाणी धंदा करते असं धरलं जाईल. केवळ मुख्य कचेरी आहे म्हणून मुंबईच्या कोर्टाला अधिकार मिळत नाही. आणि ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, तिथेच जा असं दोघांनी सहीनिशी कबूल केलं तरी त्या कबुलीला अर्थ नाही. कोर्टाचा अधिकार कायद्यातून येतो, तो करार करून कुणाला देता येत नाही.

वेलचीच्या जागी तुमची मशीन ठेवून बघा. तुमच्या हातातला निकाल हाच.

आता दुसरी बाजू, कारण ती ओळ अगदीच रद्दी असते असंही नाही. अधिकार असलेली दोन कोर्टं असतील, तर त्यांपैकी एकच ठरवून घ्यायची मुभा पक्षकारांना आहे. हाकम सिंग विरुद्ध गॅमन या १९७१ च्या निकालापासून हे पक्कं आहे. करार कायद्याच्या कलम २८ चीही त्याला आडकाठी नाही. माणसाला सगळ्याच कोर्टांचे दरवाजे बंद करणं तेवढं चालत नाही. पूर्वी ‘फक्त’ किंवा ‘केवळ’ असा शब्द आहे का, यावर बरीच मारामारी व्हायची. २०१३ च्या स्वस्तिक गॅसेस निकालाने सांगितलं की तो शब्द नसला तरी एका कोर्टाचं नाव घेतलं म्हणजे बाकीची वगळण्याचा इरादा दिसू शकतो. २०२५ मध्ये एका बँकेच्या नोकरीच्या करारातलं मुंबईचं कलमही सुप्रीम कोर्टाने कर्मचाऱ्यांच्या विरोधात उचलून धरलं. तेव्हा “असल्या अटींना कोर्ट विचारत नाही” असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

म्हणजे तुमच्याबाबत सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबतं: तुमच्या व्यवहाराचा एखादा भाग मुंबईत घडला का? कराराच्या बाबतीत कोर्ट बघतं की करार कुठे झाला, तो पुरा कुठे व्हायचा होता, पैसे कुठे द्यायचे होते, तो मोडला कुठे. कोटेशन मुंबईहून आलं, तुमची ऑर्डर मुंबईला मंजूर झाली, पैसेही मुंबईच्या खात्यात द्यायचं ठरलं होतं, असं निघालं तर कंपनी म्हणेल की मुंबईलाही थोडा अधिकार आहे, मग ती अट लागू करा. तिथे तुमची बाजू जरा पातळ होते. याउलट कोटेशन इंदूर शाखेचं, बोलणं इंदुरात, चेक इंदूर शाखेत दिलेला, मशीन रामबागेत उतरवलेली, असं असेल तर मुंबईत उरतं काय? नोंदणीची पाटी.

म्हणून आधी बिल काढा आणि चष्मा लावून बसा. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर पाहा. सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे असतात: मध्य प्रदेशचा २३, महाराष्ट्राचा २७. बिलावरचा नंबर २३ ने सुरू होत असेल, तर कंपनीने धंद्याची जागा मध्य प्रदेशात सरकारदरबारी नोंदवलेली आहे आणि विक्री तिथून दाखवली आहे. मग कराचा रकाना पाहा. चार लाखांवर १८ टक्के म्हणजे ७२,००० रुपये. ते ३६,००० सीजीएसटी आणि ३६,००० एसजीएसटी असे दोन तुकड्यांत असतील, तर विक्री राज्यातल्या राज्यात झाल्याचं कंपनीनेच लिहून दिलंय. एका रकमेत आयजीएसटी लावला असेल, तर माल परराज्यातून आला. अशा वेळी इंदूरचा धागा डिलिव्हरी, इन्स्टॉलेशन आणि शाखेशी झालेल्या बोलण्यातून दाखवावा लागेल. तोही दाखवता येतो, कष्ट जरा जास्त.

बिलावर किंवा लेटरहेडवर एकवीस अक्षर-आकड्यांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक असतो. त्यात मध्येच राज्याची दोन अक्षरं येतात, एमएच असेल तर नोंदणी महाराष्ट्रातली. कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणीकृत पत्ता आणि हा नंबर बिलावर छापणं कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२ प्रमाणे बंधनकारकच आहे. ते नाव जसंच्या तसं उतरवून घ्या. एका गोष्टीत इंदुरात काय, सगळीकडेच लोक चुकतात: दावा ‘इंदूर शाखे’वर लावून मोकळे होतात. शाखा ही कायद्याने वेगळी व्यक्ती नाही; कायद्याच्या लेखी व्यक्ती म्हणजे कंपनी. प्रतिवादी कंपनी, पत्ता आधी नोंदणीकृत कचेरीचा, मग शाखेचा. समन्स कंपनीच्या सेक्रेटरीवर, संचालकावर किंवा मुख्य अधिकाऱ्यावर बजावता येतं, किंवा नोंदणीकृत कचेरीत टपालाने पाठवता येतं. समन्स मुंबईला गेलं म्हणून खटला मुंबईला जात नाही, ही भीती मनातून काढा.

आणखी एक पाहा. ज्याला तुम्ही शाखा म्हणता ती खरंच शाखा आहे ना? कित्येकदा दुकानावर पाटी कंपनीची असते आणि खाली बारीक अक्षरात ‘अधिकृत विक्रेता’. तो निराळा व्यापारी. तसं असेल तर पटेल रोडवेजचा आधार सैल पडतो. मग त्या विक्रेत्यालाही सामनेवाला करायचं आणि दाव्यास कारण इंदुरात घडलं यावर भर द्यायचा. पण तुमच्याकडे तो ई-मेल आहे. ‘आमच्या इंदूर शाखेने मशीन विकली व बसवली’ हे कंपनीने स्वतः लिहून दिलं. तुम्हाला घाबरवायला पाठवलेल्या कागदात त्यांनी तुमचा निम्मा मुद्दा कबूल केलाय. तो डिलीट होऊ देऊ नका. प्रिंट काढा, आणि दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र वकिलाकडून तयार करून घ्या. व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यालाही तेच लागतं.

बिलावरच्या ओळीबद्दल अजून एक. बिल कधी आलं? ऑर्डर पक्की झाल्यावर आणि ॲडव्हान्स घेतल्यावर मशीनबरोबर आलं असेल, तर व्यवहार ठरला त्या वेळी ही अट तुमच्यापुढे होती का, असा सवाल तुमच्या वकिलाला करता येईल. सही केलेल्या कोटेशनमध्ये किंवा ऑर्डर फॉर्ममध्ये ती असेल तर वजन वाढतं. तेव्हा तो फॉर्म उलटून मागची बाजू वाचा. तिथे लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी पंचापुढे सोडवायचं कलम आहे का तेही बघा, कारण दिवाणी कोर्टात कंपनी त्यावर बोट ठेवून लवादाकडे जा म्हणेल. माझं मत विचाराल तर तळाची ही ओळ कोर्टात जिंकण्यासाठी कमी आणि गिऱ्हाइकाला घरी बसवण्यासाठी जास्त छापलेली असते. एम.जी. रोडवर हायकोर्टाचं खंडपीठ असलेल्या शहरातल्या बाईला चार लाखांच्या मशीनसाठी मुंबईला या म्हणायचं, आणि ती येणार नाही हे गृहीत धरायचं.

हे झालं दिवाणी कोर्टाचं. पण तुम्ही पहिला दरवाजा ठोठवायचा तो ग्राहक आयोगाचा. इंदुरात पाटी ‘जिला उपभोक्ता विवाद प्रतितोषण आयोग’ अशी दिसेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने जागेचा हा घोळ तुमच्यापुरता जवळजवळ मिटवला. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार स्वतः जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. आता रामबागेतलं घर पुरे. वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. तुमचे ४,७२,००० त्यात बसतात. नुकसानभरपाई वेगळी मागितली म्हणून हा हिशेब बदलत नाही, कारण तो दिलेल्या किमतीवर होतो. लवादाचं कलम ग्राहकाच्या तक्रारीआड येत नाही, हेही सुप्रीम कोर्टाने सांगून झालंय. बिलावरच्या मुंबईचंही इथे फारसं चालत नाही, कारण हा कायदा इतर उपायांच्या जोडीला दिलेला जादा उपाय आहे.

कंपनी मग दुसरीकडून येईल: या बाई व्यापारी आहेत, मशीन धंद्यासाठी घेतली, या ग्राहक कशा? खरी लढाई इथे होईल. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू कायद्याबाहेर आहे. पण स्वतःच्या कष्टाने, स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानत नाहीत. लक्ष्मी इंजिनियरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की मशीन चालवायला एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून कुणी ग्राहकपण गमावत नाही. तेव्हा तक्रारीत हे मोकळेपणाने लिहा: मशीनवर कोण बसतं, किती तास, मदतीची बाई नेमकं काय करते, घरात दुसरं उत्पन्न आहे का. ‘आमचा उद्योगसमूह’ वगैरे भाषा व्हिजिटिंग कार्डावर ठेवा, तक्रारीत नको. दोन दुकानांच्या वह्या आणि परत आलेल्या मालाच्या चिठ्ठ्या लावा, त्यातून धंद्याचा आकार आपोआप दिसतो.

आयोगाने तुम्हाला ग्राहक मानलं नाही, तर वाट दिवाणीकडे वळते. तुमची रक्कम तीन लाखांच्या वर आहे आणि वाद मालाच्या विक्रीचा, म्हणून तो कमर्शियल कोर्ट कायद्यात जाईल. तिथे तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. पाटील ऑटोमेशनच्या २०२२ च्या निकालानंतर ही पायरी गाळली तर दावा दारातच अडतो. आयोगात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदतीतून वजा करून मागता येतो, मुदत कायद्याचं कलम १४ त्यासाठीच आहे. चुकीच्या दिवाणी कोर्टात दावा पडला तरी आकाश कोसळत नाही. कोर्ट दावा फेटाळत नाही, योग्य कोर्टात दाखल करण्यासाठी परत देतं. आणि जागेची हरकत कंपनीने पहिल्या संधीलाच, मुद्दे ठरण्याआधी घ्यायची असते. खटला रंगल्यावर मुंबई आठवून उपयोग नाही.

दीरांना नमस्कार सांगा, पण पुणे नको. शाखा आहे म्हणून कुठेही केस टाकता आली असती, तर अंबाल्याच्या आगीचा खटला गुवाहाटीतही चालला असता. हे उदाहरण मी रचलेलं नाही. अंबाल्याच्या गोदामाला आग लागली आणि विमा कंपनीची शाखा चंदीगडला आहे म्हणून तक्रार तिथे केली गेली, त्या सोनिक सर्जिकलच्या प्रकरणात २००९ साली सुप्रीम कोर्टाने जवळपास याच शब्दांत फटकारलंय. शाखा म्हणजे दाव्यास कारण जिथे घडलं तिथली शाखा. पुण्यात तुमचं काय घडलं? काहीच नाही. कंपनीला आयती हरकत मिळेल आणि वर्षभर त्यावरच वाद चालेल. मदत करायचीच असेल तर दीरांनी मशीनची माहिती असलेला एखादा इंजिनियर गाठून द्यावा. दोष दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल लागेल, आणि तोच तुमच्या केसचा कणा आहे.

क्रम असा ठेवा. परत आलेले गळके पाऊच फेकून देऊ नका, दहा-बारा बॅच नंबरासह बंद पिशवीत ठेवा. सीलिंग जॉ (पाऊच दाबून चिकटवणारा भाग) चालू असतानाचा व्हिडिओ घ्या, तापमानाचा आकडा दिसेल असा, म्हणजे ‘तुम्ही उष्णता चुकीची ठेवली’ हे उत्तर आधीच कापलं जाईल. तिन्ही सर्व्हिस रिपोर्ट शोधा. इंजिनियरने इंदूर शाखेचा शिक्का मारला असेल तर सोन्याहून पिवळं. मग वकिलाकडून नोटीस, नोंदणीकृत कचेरीला आणि शाखेला, दोन्हीकडे स्पीड पोस्टाने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, सुनावणीही व्हिडिओवर मागता येते. कागद हिंदीत चालतील. कंपनीला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा, त्यापलीकडे आयोगही वाढवून देऊ शकत नाही.

आयोगाकडे जायची मुदत दाव्यास कारण घडल्यापासून दोन वर्षं. तुमच्या बाबतीत ती पहिलं सील सुटलं तिथून मोजलेली बरी, इंजिनियर शेवटचा आला तिथून नव्हे. ‘मागच्या वर्षी’ असं लिहिलंत, तारीख लिहिली नाहीत. डिलिव्हरी चलन काढून ती आधी बघा. आणि जे वकील सोडून द्या म्हणाले, त्यांना नोटीस लिहायला देऊ नका.